सायकलवाला की पळणारा : बाजूला कोणी व्हायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जळगावात मेहरूण तलावाकडे सकाळी पळणाऱ्या गटात आहात. मागच्या रविवारी तुमच्यातल्या एक ताई नेहमीच्या खुणेपाशी परत फिरल्या आणि मागून येणाऱ्या सायकलचं हँडल त्यांच्या कोपराला लागलं. खरचटण्यावर भागलं, सायकलवालाही पडता पडता वाचला, पण दोघांची जागेवरच हमरीतुमरी झाली आणि आता व्हॉट्सअॅपवर पळणारे विरुद्ध सायकलवाले असा सामना रंगलाय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. चूक कोणाची, रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा, आणि गटात हेडफोनवर बंदी घालावी का.

मी धुळ्याचा. सायकलही चालवतो आणि पळतोही, त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी खाऊन झाली आहेत. नव्या लोकांना पहिल्यांदा रस्त्यावर घेऊन जायचं काम बरीच वर्षं करतोय, आणि ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांच्या, निमित्ताने रात्रीबेरात्री खानदेशातले बहुतेक मोठे रस्ते पायाखालून नाही तरी चाकाखालून गेले आहेत. त्यातून जे पटलंय ते सांगतो.

हक्काचं उत्तर लवकर संपतं. सायकल हे वाहन आहे, तिने डाव्या बाजूने आणि वाहतुकीच्या दिशेनेच जायचं. पायी माणसाला फुटपाथ असेल तर फुटपाथ, नसेल तर रस्त्याची कड. रस्ता दोघांचाही आहे. पण एवढं पाठ असून तुमच्या ताईंचं कोपर वाचलं नसतं, कारण त्या क्षणी दोघेही आपापल्या हक्काच्या जागेवरच होते.

अशा भांडणात मी दोनच गोष्टी बघतो. समोरचा कोणाला दिसत होता? आणि वेळेत थांबणं किंवा बाजूला होणं कोणाला जमण्यासारखं होतं? ज्याला दिसतं आणि जमतं, जबाबदारी त्याची. मग तो सायकलवर असो की पायी. यातून निघणारी उत्तरं दर वेळी सायकलवाल्याच्या विरोधात जात नाहीत, आणि तिथेच आपले ग्रुप अडतात.

आपल्याकडची एक अडचण आधी लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. आठ वाजून गेले की डांबरावर पाय ठेवायची इच्छा उरत नाही. त्यामुळे चालणारे आजी-आजोबा, पळणारे, सायकलवाले, दूधवाले, शेतावर निघालेली माणसं आणि केळीचे ट्रक असे सगळे पहाटे पाच ते सात या दोन तासांत एकाच रस्त्यावर सापडतात. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण ऑफिस काही उशिरा उघडत नाही, म्हणून तीच गर्दी अंधारात. थोडक्यात, वर्षातले बरेच महिने आपण एकमेकांना अर्धवट उजेडात आणि अर्धवट झोपेत भेटतो. कोणी उद्धट म्हणून टक्कर झाली असं त्या मानाने कमी. अंदाज चुकल्यामुळे होते ती जास्त.

आता मागून येणारी सायकल. ताशी २५ किलोमीटरने चाललेली सायकल सेकंदाला जवळपास ७ मीटर जाते. माणूस दिसला, मेंदूने ठरवलं, बोटं ब्रेकवर गेली, यात एक सेकंद जातो, म्हणजे ७ मीटर तिथेच संपले. कोरड्या चांगल्या डांबरावर पुढे थांबायला आणखी ६ मीटर धरा. एकूण १३. मुरूम सांडलेला असेल, डांबरावर वाळू असेल किंवा पावसाचा पहिला सडा पडून गेला असेल तर हा हिशेब सोडून द्या. पळणारा पुढे चाललेला असला तरी तो कधीही थबकू शकतो, म्हणून तो उभाच आहे असं धरून चालायचं. याचा अर्थ, माणसापासून दहा मीटरवर येऊन घंटी वाजवणारा सायकलवाला मुळात सूचना देतच नसतो. तो फक्त आपल्या येण्याची बातमी देतो.

सूचना वीस मीटरवरून द्यायची. पळणाऱ्याचा वेग ताशी ९ च्या आसपास असेल तर वीस मीटर मागे असताना तुमच्याकडे साडेचार सेकंद असतात. तेवढ्यात तो ऐकतो, त्याला कळतं, आणि तो काय करतोय ते तुम्हालाही बघता येतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी करत नाही. घंटी वाजवली, आता माझं काम संपलं, असं समजून लोक तसेच दामटतात.

आवाज द्यायचा तर काय द्यायचा, यावर नव्या लोकांबरोबर मी बराच वेळ घालवतो. ‘साइड! साइड!’ असं ओरडलं की माणूस दचकतो आणि नेमका कुठे उडी मारेल ते देवाला ठाऊक. नुसतं ‘उजवीकडून’ म्हटलं तर निम्मे लोक उजवीकडे सरकतात, कारण त्यांना वाटतं आपल्यालाच उजवीकडे जायला सांगितलं. आणखी एक खोड माणसाच्या शरीराला आहे. मागे वळून बघितलं की पावलं त्याच बाजूला ओढली जातात. उजव्या खांद्यावरून बघणारा माणूस अर्धा हात उजवीकडे येतोच, म्हणजे बरोबर तुमच्या वाटेत. वय झालेल्या माणसाच्या बाबतीत हे हमखास. म्हणून मी म्हणतो, ‘चालू द्या आप्पा, उजवीकडून येऊ राहिलो.’ ‘चालू द्या’ हे आधी. त्याला काहीही करायची गरज नाही हे पहिल्यांदा कळलं की तो सरळ राहतो, आणि सरळ राहणारा माणूस ओलांडायला सगळ्यात सोपा. पुढे गेल्यावर हात वर करायचा किंवा ‘राम राम’ म्हणायचं. यात सौजन्य आहेच, पण मागे अजून चार सायकली असतील तर ‘आम्ही पाच जण आहोत आप्पा’ हेही त्याच दमात सांगता येतं. पहिला गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्याच्या पुढ्यात येतो, असं खूपदा होतं.

ओलांडताना अंतर किती? फ्रान्समध्ये मोटारीने सायकलला गावात १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर सोडावं असा नियम आहे. आपण ट्रकवाल्याकडून तेवढ्याची अपेक्षा करतो ना? मग पायी माणसाला आपण निदान एक मीटर सोडावं. तेवढी जागा नसेल तर ब्रेक लावायचा आणि त्याच्याच वेगाने मागे राहायचं. पाच-दहा सेकंदांनी कोणाचा सरासरी वेग बुडत नाही.

इथपर्यंत सगळा भार सायकलवाल्यावर, कारण मागून येताना दिसतं फक्त त्यालाच. पळणाऱ्याकडून त्याने एकच अपेक्षा ठेवावी, ती म्हणजे सरळ रेष. आणि इथे तुमच्या ताईंचा विषय येतो.

पळणाऱ्यांची सगळ्यात धोकादायक सवय कोणती विचाराल तर मी जागच्या जागी वळण्याला पहिला नंबर देईन. आडवे चौघे पळणं त्याच्या नंतर. मनगटावरचं घड्याळ टिंग वाजतं, किलोमीटर पूर्ण होतो, आणि माणूस तिथल्या तिथे गर्रकन फिरतो. किंवा पटकन थांबतो, मान खाली, बोट घड्याळावर. त्या क्षणी तो ना पुढे बघत असतो ना मागे. इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात-थोडं हळू असं आलटून पालटून पळणं, करणारे तर धापा टाकत असतात, त्यांना स्वतःच्या श्वासापलीकडे काही ऐकूच येत नाही. यावर उपाय साधा आहे आणि तो सरावाने अंगवळणी पडतो. वळायच्या आधी चार पावलं हळू, कडेला, उजव्या खांद्यावरून मागे नजर, मग वळायचं. आमच्याकडे पांझरेकाठी पळताना मी नव्या मुलांना सांगतो की घड्याळ वाजलं तरी वळू नका, वाजल्यावर बघा आणि बघितल्यावर वळा. किलोमीटर दहा-वीस मीटरने लांबला तर लांबला.

आता उलट बाजू. पळणाऱ्याने गावाबाहेरच्या रस्त्यावर कोणत्या कडेने पळावं? शाळेत आपल्याला ‘डाव्या बाजूने चाला’ शिकवलं होतं. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर मी उजव्या कडेने, म्हणजे येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळायला सांगतो, कारण जे अंगावर येणार ते डोळ्यांना आधी दिसलेलं बरं. पण मग त्याच कडेने नियमाप्रमाणे येणारा सायकलवाला तुम्हाला समोरासमोर भेटतो. आता बाजूला कोणी व्हायचं?

बहुतेक जण म्हणतील सायकलवाल्याने, वेग त्याचा जास्त. माझं उत्तर उलट आहे. डांबर सोडून साइडपट्टीवर पळणाऱ्याने उतरावं. कारण असं की तुम्ही समोर बघताय, म्हणून तुम्हाला सायकल दिसते आणि सायकलच्या मागचा ट्रकही दिसतो. सायकलवाल्याच्या पाठीला डोळे नाहीत. त्याने तुम्हाला चुकवायला उजवीकडे हँडल घातलं तर तो त्या ट्रकच्या पुढ्यात जातो, आणि तुम्ही ते उघड्या डोळ्यांनी बघत राहता. शिवाय समोरासमोर येताना दोघांचे वेग जोडले जातात. २५ आणि ९ मिळून वीस मीटर दोन सेकंदांत संपतात. तेवढ्यात त्याने मागे बघून, हात दाखवून, वाट काढायची म्हणजे फार झालं. तुमचं एक पाऊल डावीकडे की उजवीकडे एवढाच प्रश्न आहे. तो तुम्ही लवकर सोडवा आणि कोणत्या बाजूला जाताय ते हाताने दाखवा, म्हणजे दोघे एकाच बाजूला सरकायचा तो जुना घोळ होत नाही.

अर्थात साइडपट्टी असेल तर. आपल्याकडे कित्येक रस्त्यांना डांबराची कड वीतभर उंच तुटलेली असते, खाली मोकळी खडी किंवा बाभळीचे काटे. तिथे पळणाऱ्याने उतरावं असं मी म्हणणार नाही, घोटा मुरगळेल. मग दोघांनीही वेग कमी करायचा, सायकलवाल्याने आधी मागे बघायचं, ट्रक असेल तर थांबायचं. महामार्गावर तर ही सगळी गणितं साइडपट्टीवरून उलट्या दिशेने येणारे मोटरसायकलवाले बिघडवतात. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यावर पहाटे हा प्रकार रोजचा. तिथे पळायला जाऊच नका असं मी स्पष्ट सांगतो. नकाण्याच्या तलावाकडे जा, गावाकडचे आतले रस्ते धरा.

घाटात पुन्हा हिशेब बदलतो. लळिंगच्या चढाला किंवा शहाद्याकडून तोरणमाळला चढताना सायकलवाला ताशी ७-८ ने वळवळत चाललेला असतो, त्याला पळणाराही मागे टाकतो. इथे ‘मागचा’ पळणारा असतो, म्हणून आवाज त्याने द्यायचा, आणि सायकलचं पुढचं चाक चढावर डावी-उजवीकडे झोकांड्या खातं हे धरून अंतर ठेवायचं. उतरताना तोच सायकलवाला पन्नासने येतो. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांहून उंच आहे, उतार लांब आहे, आणि आंधळ्या वळणावर आतल्या बाजूने कोणी पळत असेल तर पळणाऱ्याला सायकल दिसत नाही आणि सायकलवाल्याला थांबता येत नाही. म्हणून दोन्हीकडून कबुली लागते. पळणाऱ्याने आंधळ्या वळणापुरती कड बदलून बाहेरच्या अंगाला जावं, जिथून तो लांबून दिसतो. आणि सायकलवाल्याने जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. पलीकडे माणूस नसेल तर गाय बसलेली असेल. आपल्या घाटांत गाईला वळणच आवडतं.

दिव्यांबद्दल थोडं. पुढचा पांढरा दिवा लुकलुकता ठेवून पहाटे पाचला तलावाकाठी फिरणं हा निव्वळ छळ आहे. समोरच्याला अंतर कळत नाही, डोळे दिपतात, आणि दोन क्षण त्याला काहीच दिसत नाही. पुढचा दिवा स्थिर आणि खाली रस्त्याकडे झुकलेला, मागचा लाल, एवढंच. ब्रेव्हेमध्ये रात्री चमकणारं जॅकेट आणि पुढे-मागे दिवे सक्तीचे असतात, त्याशिवाय निघूच देत नाहीत. पळणाऱ्यांना असं कोणी अडवत नाही, म्हणून आपले लोक काळी टी-शर्ट, काळी पँट घालून अंधारात निघतात. ज्याला दिसतं त्याची जबाबदारी असं मी वर म्हटलं, पण दिसण्यासारखं तरी राहावं! डोक्यावरचा दिवा लावत असाल तर कोणी समोरून आल्यावर मान खाली घाला.

आतापर्यंत आपण आपल्या दोघांबद्दलच बोललो, पळणारे आणि सायकलवाले. पण रस्त्यावर आपल्यापेक्षा जुनी आणि जास्त गरजेने आलेली माणसं असतात, आणि आपली खरी परीक्षा त्यांच्यासमोर होते असं माझं मत आहे.

सकाळी सात-साडेसातला कुठल्याही तालुक्याच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळेत निघालेल्या मुली बघा. सरकारी योजनेतून मिळालेली सायकल, कॅरियरला दप्तर, तिघी-तिघी आडव्या, गप्पांत दंग. लाख रुपयांच्या सायकलवरून, डोळ्यांवर गॉगल लावून त्यांच्यावर खेकसणारे महाभाग मी पाहिलेत. अरे भो, त्या रोज दहा-बारा किलोमीटर सायकल चालवतात, त्याही शाळेच्या बुटांत. तू फक्त रविवारी. त्यांच्या मागे वेग कमी करायचा, लांबून घंटी वाजवायची, वाट मिळाली की ‘थँक्यू ताई’ म्हणून पुढे व्हायचं. त्यातली एखादी पुढे पाचशे मीटर तुमच्याशी शर्यत लावते. तिला जिंकू द्या.

मग मेंढरं. पावसाळा संपला की साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी आपले कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. पुढे घोडी, तिच्या पाठीवर अख्खा संसार, वर बांधलेली खाट, कधी खाटेवर बसलेलं पोर आणि कोंबडी. मागे शे-दोनशे मेंढरं रस्ता भरून. इथे घंटी वाजवायची नाही. मेंढरू बिचकलं की एकामागे सगळी पळतात, समोरून ट्रक येत असेल तर काय होईल ते सांगायला नको. पाय टेकवायचे, सायकलवरून उतरायचं, मेंढपाळाची नजर पकडायची. तो काठीने एक कड मोकळी करून देतो, मग चालत निघायचं. पळणाऱ्यानेही चालतच जायचं. कळपाबरोबरचे कुत्रे पळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लांडगा समजतात आणि त्यांचं ते कामच आहे.

चैत्रात सप्तशृंगीला निघालेले पदयात्री हा आणखी एक प्रसंग. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत खानदेशातून हजारो माणसं वणीच्या गडाकडे पायी जातात. उन्हामुळे रात्री आणि पहाटे चालतात, बरेचसे अनवाणी, हातात भगवी निशाणं. धुळे-मालेगाव रस्त्याची डावी कड त्या दिवसांत पूर्ण त्यांची असते, म्हणजे सायकलचीच कड. दोन रात्री चाललेल्या माणसाला तुमची घंटी ऐकू येते पण समजत नाही. त्या आठवड्यात मी आमच्या गटाचा रस्ताच बदलतो, सोनगीरकडे नेतो. जायचंच असेल तर उजेड झाल्यावर, हळू, आणि पायांकडे लक्ष ठेवून. अनवाणी पायावरून सायकलचं चाक गेलं तर त्या माणसाची यात्रा तिथेच संपते. गड अजून लांब असतो.

कुत्र्यांचं एक निराळंच गाऱ्हाणं पळणारे माझ्याकडे घेऊन येतात आणि ते रास्त आहे. गावाच्या वेशीवर कुत्री सायकलमागे लागतात. सायकलवाला पेडल मारून सुटतो, आणि चवताळलेली कुत्री मागून येणाऱ्या पळणाऱ्याच्या वाट्याला. पुढे पळणारा दिसत असेल किंवा मागे कोणी आहे हे माहीत असेल तर पळून जायचं नाही. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, शांतपणे चालायचं. न पळणाऱ्या माणसात त्यांना रस राहत नाही. मागच्यालाही हाताने ‘चाला’ अशी खूण करायची.

शेतरस्ते आणि पाटचारीच्या वाटांवर नियम वेगळे आहेत कारण त्या वाटा मुळात फिरायला केलेल्या नाहीत. पावसात काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर सायकल घालू नका. तुमची फजिती तर होतेच, माती ब्रेकमध्ये आणि मडगार्डमध्ये इतकी भरते की चाक फिरत नाही. पण तुम्ही पाडलेला चर उन्हात दगडासारखा वाळतो, आणि पुढचे दोन महिने शेतकऱ्याची बैलगाडी त्यात अडकते आणि पळणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो. अंगठ्याने माती दाबून बघा, ठसा उमटून चिकटत असेल तर डांबरावर चला. वाटेवर मका वाळत घातलेला असेल तर त्यावरून जायचं नाही, कडेने, उतरून. बांधावर कोणी दिसलं तर दोन शब्द बोलायचे. जी वाट एका माणसापुरतीच आहे तिथे सायकलवाल्याने थांबून पायी माणसाला जाऊ द्यायचं, यात मला तरी चर्चेला जागा दिसत नाही.

एक गोष्ट फक्त पुरुष सायकलवाल्यांसाठी. अंधारात एकट्या पळणाऱ्या बाईच्या मागे, तिच्याच वेगाने, न बोलता सायकल ठेवू नका. तुम्ही बिचारे वाट मोकळी व्हायची वाट बघत असाल, पण तिला ते कसं कळणार? लांबूनच आवाज द्या, पुढे निघा. आणि तिच्या पळण्याच्या पद्धतीवर न मागता सल्ला देऊ नका.

बारीकसारीक बरंच आहे. थुंकायचं तर आधी मागे बघून आणि कडेला, सायकलवरून थुंकलेलं वाऱ्याने मागच्याच्या तोंडावर जातं. हँडलला स्पीकर बांधून गाणी वाजवू नका, पाटणादेवीच्या जंगलात तर अजिबात नाही. जळगावकरांना हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण केळं खाऊन साल रस्त्यावर टाकू नका. खिशात ठेवा, पुढे बकरी भेटतेच. आणि तलावाकाठच्या फेरीवर स्ट्राव्हाचा, म्हणजे वेळा नोंदवणाऱ्या त्या अॅपवरचा, विक्रम मोडायला जाऊ नका. आजी-आजोबांच्या गर्दीतून काढलेल्या पहिल्या नंबरला मी तरी काही किंमत देत नाही. विक्रमच करायचा तर दुपारी दोनला या, मेमध्ये, रस्ता पूर्ण मोकळा मिळेल.

आता तुमच्या रविवारच्या भांडणाकडे. मी तिथे नव्हतो, त्यामुळे तुम्ही लिहिलंय त्यावरच बोलतो. ताईंनी मागे न बघता वळायला नको होतं. पण ती खूण तुमच्या गटाची नेहमीची वळायची जागा आहे, सायकलवाला त्याच रस्त्याने रोज येतो असं तुम्हीच म्हणता, म्हणजे तिथे लोक वळतात हे त्याला माहीत होतं. त्याला ताई दिसत होत्या, ताईंना तो दिसत नव्हता. म्हणून जास्त चूक त्याची. शाळेच्या फाटकासमोर जसा आपण आपोआप ब्रेकवर हात ठेवतो तसा त्याने तिथे ठेवायला हवा होता. मात्र तो थांबला, पळून गेला नाही, हेही त्याच्या बाजूने मोजा. धडक झाल्यावर न थांबणारा माणूस असता तर मी इतकं मऊ लिहिलं नसतं. आणि पुढच्या वेळी कोणाचं डोकं आपटलं, चक्कर आली, उलटी झाली, तर चूक कोणाची हे नंतर बघा, आधी दवाखाना.

व्हॉट्सअॅपवर हे मिटणार नाही. दोन्ही गटांच्या चार-चार जाणत्या माणसांना एकदा समोरासमोर बसवा. हिवाळा आहे, कोणाच्या तरी शेतात भरीत-पुरीचा बेत करा, पोट भरलेला माणूस कमी भांडतो. तिथे फक्त दोन गोष्टी ठरवून घ्या. तलावाकाठी सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं का, आणि तुमची वळायची जागा कुठे हलवायची. माझं ऐकाल तर ती रस्ता रुंद असेल तिथे, वळणापासून लांब आणि खांबावरच्या दिव्याखाली न्या, आणि सायकलवाल्यांना ती दाखवून ठेवा. सायकलवाल्यांकडून इतकंच कबूल करून घ्या की त्या पट्ट्यात ताशी १५ च्या वर जायचं नाही. वेगाचा सराव करायला त्यांना बाहेर भरपूर रस्ते आहेत.

राहिला हेडफोनचा प्रश्न. सरसकट बंदी घातली तर कोणी पाळणार नाही, आणि न पाळला जाणारा नियम बाकीच्या नियमांनाही खाली ओढतो. तलावाकाठी, उजेडात, एका कानात चालेल, दुसरा मोकळा. कोणता मोकळा ते मात्र ठरवून सांगा. डाव्या कडेने पळत असाल तर गाड्या आणि सायकली तुमच्या उजव्या अंगाने जातात, म्हणून उजवा कान मोकळा. उजव्या कडेने गाड्यांकडे तोंड करून पळत असाल तर डावा. अंधारात, घाटात आणि मोठ्या रस्त्यावर दोन्ही कान मोकळे, सायकलवर असाल तर कायमच. आवाज किती ठेवायचा ते शेजारी पळणाऱ्याशी बोलून बघा. त्याचं साधं बोलणं ऐकू येत नसेल तर माझी घंटीही ऐकू येणार नाही.